स्क्रूचा आणखी एक फेरा

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. आकाराने तांदळाच्या कणीएवढाही नाही, तेव्हा "हा कसला लेझर!" म्हणून खुशाल नाक मुरडा. मला त्याची सवय आहे. माझा प्रकाश डोळ्यांना दिसतही नाही. पण त्याच्या भरवशावर माणसे बोगद्यात उतरत होती, आणि त्यांतला एक परत आला नाही.

माझा जन्म धुळीच्या कणालाही मज्जाव असलेल्या खोलीत झाला. माझ्या पोटात एक अरुंद गल्ली आहे. प्रकाश तिच्यात येरझारा घालतो आणि बळकट होतो. नुसती गल्ली असली की तो तुम्हाला न दिसणाऱ्या अनेक रंगांत भरकटतो. म्हणून माझी रचना करणाऱ्या बाईंनी तिच्या अंगाला फणीच्या दातांसारख्या बारीक खाचा कोरल्या. त्या एकच रंग राखतात, बाकीच्यांना हुसकावून लावतात.

कारखान्याच्या साहेबांचे तेवढ्याने समाधान होईना. "कमी विजेवर चालला पाहिजे. खाचा आणखी खोल करा."

"खोल केल्या की प्रकाश गल्लीच्या मधोमध गर्दी करतो, साहेब," बाई म्हणाल्या. "मग वीज जास्त झाली तर हा रंग सुटेल, दुसराच येईल."

"मग जास्त देऊ नका, असं लिहा की!"

बाईंनी माहितीपत्रकात तसे लिहिले. वीज वाढवायचा स्क्रू मात्र कितीही फिरेल असा मोकळाच राहिला.

मला एका पेटीत बसवून बोगद्याच्या भिंतीवर उंच टांगले. माझा प्रकाश समोरच्या आरशावर जाऊन परत यायचा. जमिनीतून झिरपणारा, पेट घेणारा वायू नेमका माझाच रंग गिळतो. जितका गिळला, तितका वायू मोजणारा काटा चढणार. पहिल्याच वर्षी मी वायू पकडला, भोंगा वाजला, सगळे धावत बाहेर पडले. यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाचा धाकटा भाऊ तिथेच खोदकामावर होता. तो हसत म्हणाला, "दादा, तुझ्या या टिल्लूने वाचवलं बघ आज!" मला फार बरे वाटले.

दादा सुरुवातीला रोज माझी काच पुसायचा. मग आठवड्याने पुसू लागला, मग आठवण झाली तर. काचेवर धुळीचा थर बसला. परतणारा प्रकाश कमी पडला की पेटी खोदकाम बंद पाडायची, आणि मुकादम दादाच्या अंगावर धावून यायचा.

"तुझ्या डबड्यापायी किती वेळा काम थांबवायचं रे?"

शिडी दूर होती, स्क्रू मात्र बाहेरच्या बटणांच्या फळीवर, हाताशी. दादाने तो फिरवला. प्रकाश वाढला, मुकादम गप्प झाला. पुढे हीच रीत पडली. एकदा असाच आणखी एक फेरा बसला आणि माझा रंग सुटला. नव्या रंगाला वायू शिवतही नाही. बोगद्यात वायू भरत होता, काटा शून्यावर होता आणि मला ओरडायला तोंड नव्हते.

"आज हवा एकदम साफ आहे," दादा भावाला म्हणाला. "जा, बिनधास्त जा."

खोदयंत्राची ठिणगी पडली आणि वायू पेटला.

पुढे दादा मला त्या स्क्रूच्या फळीसकट घेऊन बाईंकडे आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. "बाई, हा खराबच होता ना?" त्या प्रश्नात त्याचा सगळा जीव गोळा झाला होता.

बाईंनी मला तपासले. नेमून दिलेल्या विजेवर माझा रंग अगदी जागेवर होता. त्यांनी हळूच विचारले, "स्क्रू किती फिरवला होता?"

त्याने बोटाने दाखवले. बाईंनी तेवढाच फिरवला. पडद्यावरची माझ्या रंगाची रेघ टुणकन बाजूला सरकली. दादाने स्क्रू मागे फिरवला, तशी ती जागेवर परतली. बाई म्हणाल्या, "त्या स्क्रूला मी पुढे फिरूच न देणारी अडकण लावायला हवी होती." तो ऐकत नव्हता.

आता मी त्यांच्या कपाटात, एका डबीत पडून असतो. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. काच मळली तर शिडी आणा, वर चढा आणि काच पुसा. काटा शून्यावर दिसला, तर आपल्या माणसाला आत धाडण्याआधी माझ्यासारख्याचा रंग जागेवर आहे ना, ते एकदा बघून जा.