मावसभाऊ

"तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?" दार उघडून बाईंनी विचारलं. प्रश्न साधा होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. काटेवाला म्हणाला, "मावसभाऊ."

म्हणाला म्हणजे काय, निघून गेलं. शिंक येते तसं. शेजारी वाकून बुटाची नाडी सोडणारा ब्रदर वाकलेलाच राहिला.

काटेवाला वजनकाटे दुरुस्त करायचा. लहानशा गावात बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. ब्रदर त्याच गावातल्या दवाखान्यात नर्स होता. पुरुष नर्सला सगळे ब्रदर म्हणतात, पण याला पेपरवाल्यापासून घरमालकापर्यंत झाडून सगळे तेच म्हणत. दोघं कित्येक वर्षं एका छपराखाली नांदत होते, आणि गावाला सांगायला काहीतरी नातं हवं म्हणून मावसभाऊ झाले होते. हेही काटेवाल्यानंच विचार करून ठरवलं होतं. सख्खे म्हणावं तर चेहरे जुळत नाहीत, चुलत म्हणावं तर आडनाव एक हवं. मावसभावाचं आडनाव वेगळं असतं आणि मावशी कुठे असते हे कोणी विचारत नाही. परगावी लॉजवर उतरले की दोन पलंगांची खोली घ्यायची, आणि सकाळी निघताना न वापरलेला पलंग चुरगाळून ठेवायचा. हे कामही काटेवाल्याकडे. उशीला डोक्याएवढा खळगासुद्धा पाडायचा तो, हातानं दाबून.

इथे मात्र हे काही करावं लागणार नव्हतं. म्हणून तर आले होते.

ब्रदरला या अवाढव्य शहरातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती. शहर इतकं महाग की पगार दाराशी यायच्या आत भाडं त्याला रस्त्यातच गाठणार. त्यात दोन पुरुष म्हटलं की घरमालक आधी नाक मुरडणार आणि मग अनामत रक्कम वाढवून सांगणार. तेव्हा ब्रदरच्या ओळखीच्या एका नर्सनं हे घर सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या, बाई एकट्या, सगळे त्यांना आत्या म्हणतात. पुरुषांच्या जोड्या, बायकांच्या जोड्या तिथे उजळ माथ्यानं उतरतात आणि भाडंही परवडतं. मागची एक खोली त्या महिन्याच्या भाड्यानं देतात, पण फक्त अशा जोडीला. बाकीच्यांना अख्खं शहर पडलंय, असं आत्यांचं म्हणणं.

ब्रदरला ती खोली हवी होती, काटेवाल्यासकट. काटेवाल्यानं अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. "दोन दिवस चल, राहून बघ," ब्रदर म्हणाला होता. "फक्त तिथे तरी मावसभाऊ नको." काटेवाल्यानं कबूल केलं होतं. बसमध्ये पुन्हा कबूल केलं होतं.

आणि आता हे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"असं होय," आत्या म्हणाल्या. त्यांनी दोघांकडे जरा काळजीनं पाहिलं. "पाठवणाऱ्यानं सांगितलंय ना, माझ्याकडे कशी माणसं उतरतात ते? मागे एक कुटुंब चुकून आलं, ते रात्रभर कडी लावून बसलं. माझ्या पाहुण्यांना मग वाईट वाटतं. तुम्हाला अडचण नाही ना?"

"छे, छे," काटेवाला म्हणाला. "आम्हाला कसली अडचण?"

"आमचे विचार फार मोकळे आहेत," ब्रदर बुटाकडे बघत म्हणाला.

आत्यांना बरं वाटलं. मागची खोली रिकामी आहे म्हणून तीच देते, असं त्या म्हणाल्या, पण जोडी आली तर खोली तिला द्यावी लागेल आणि या दोघांना हॉलमध्ये पथारी टाकावी लागेल. भावाभावांना काय, कुठेही पाठ टेकली की झालं.

खोलीत एकच रुंद पलंग होता. इस्त्री केलेले पडदे होते, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. काटेवाल्याला खोली आवडली, आणि आवडली म्हणून तो आणखीच गोंधळला. जाऊन सांगून येतो, असं तो म्हणाला, दारापर्यंत गेला, परत आला. सांगायचं काय? आम्ही मावसभाऊ नाही, हे एक झालं. पण मग मघाशी का सांगितलं, याचं उत्तर त्याच्यापाशीही नव्हतं. इथे कोणाची भीती नव्हती. लपवावं असं काही मनातही नव्हतं. पारड्यात काही नसताना काटा का हलला?

"मावशी बरी आहे ना?" ब्रदरनं पलंगावर पडल्या पडल्या विचारलं.

"तूच सांग ना त्यांना. तुला जमतं बोलायला."

"तू बोललास, तू खोड," ब्रदर म्हणाला. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "इतकी वर्षं तुझ्या खोट्याला मान डोलावली, तेवढं पुरे. तुझ्या वाटचं खरंही मीच बोलायचं, हे व्हायचं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला हॉस्पिटलला कळवायचंय, त्यांच्या वसतिगृहातली एकट्याची खाट घेतो की बाहेर राहतो. तेवढा वेळ आहे तुझ्यापाशी."

सकाळी ब्रदर तपासण्या आणि कागदपत्रांसाठी हॉस्पिटलात गेला आणि काटेवाला स्वयंपाकघरात आत्यांच्या तावडीत सापडला. सांगायचं, असं ठरवूनच तो गेला होता. पण टेबलाशी आणखी दोघं बसले होते: एक निवृत्त मास्तर, आणि त्यांच्यासोबत गेली बरीच वर्षं राहणारे एक शिंपी. दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला आले होते, डोळे शिंप्यांचे आणि धास्ती मास्तरांची. आत्यांनी ओळख करून दिली: हे मागच्या खोलीतले, मावसभाऊ आहेत, पण स्वभावानं चांगले.

त्या "पण"नं काटेवाल्याची वाचाच बसली.

मास्तर जन्मभर शिकवत आले होते, सवय जाणार कुठे? समोर एक परका, सरळ संसारी वाटणारा माणूस बसलेला पाहून त्यांनी त्याला समजावून सांगायला घेतलं. तुम्हाला विचित्र वाटत असेल, साहजिक आहे, असं म्हणून ते दोन पुरुषांचं घर कसं चालतं ते सांगू लागले. कोण चहा करतं, दुखण्याखुपण्यात कोण उठतं, भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं. काटेवाला मान डोलावत राहिला. पोहता येणाऱ्याला काठावर उभं करून पाणी ओलं असतं हे सांगावं, तसं त्याला होत होतं. मधेच शिंपी म्हणाले की आधी कोण बोलतं हे मास्तरांनी सांगू नये, कारण ते कधी बोलतच नाहीत, फक्त खोकतात.

पण हळूहळू काटेवाल्याच्या लक्षात आलं की परका असण्यात एक सोय आहे. काहीही विचारता येतं. त्यानं विचारलं, घरच्यांना काय सांगितलं? गाव सोडताना भीती नाही वाटली? कामधंद्याचं काय केलं? आणि मग, त्याचं त्यालाही नवल वाटावं असं: "लोकांसमोर यांना काय म्हणता तुम्ही?"

मास्तरांनी चष्मा काढला. "फार आपुलकीनं विचारताय," ते हलकेच म्हणाले. "तुमच्या मावसभावासाठी ना? काल जिन्यात दिसला तेव्हाच वाटलं होतं मला. घाबरू नका, मी कोणापाशी बोलणार नाही. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

शिंप्यांनी टेबलावरून हात पुढे करून काटेवाल्याचा हात दाबला.  आपण खोटं बोलतोय, ते चुकीचं समजताहेत, आणि तरीही ब्रदरविषयीचं जे खरं होतं ते त्यांच्या हाती लागलं होतं. स्वतःचं तेवढं बाहेर राहिलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाचं, हेही त्याला नीट कळलं नाही. विषय बदलावा म्हणून त्यानं फळीवरचा वजनकाटा खाली घेतला.

काटा पाव भाजण्याआधी पीठ तोलायचा होता, तबकडीचा. तबकडी रिकामी असूनही सुई शून्याच्या थोडी पुढे उभी होती. आत्या म्हणाल्या, बरीच वर्षं तसाच आहे, मी मनातल्या मनात तेवढं वजा करते.

"असं करू नये," काटेवाला म्हणाला. या एका विषयात त्याला गोंधळ ठाऊक नव्हता. त्यानं काटा उलटा केला, सुरीच्या टोकानं तळाचा स्क्रू फिरवला, सुई शून्यावर आणली. "सवय झाली की वजा करायचंही विसरतं माणूस. मग चुकलेलंच खरं वाटायला लागतं."

बोलून तो स्वतःच थबकला. पण आत्यांना काट्यापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं. त्या खूश होऊन आपल्या जुन्या नोकरीबद्दल बोलू लागल्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या त्या. समोरचा जो नंबर सांगेल तो जोडून द्यायचा, त्याला दुसराच हवा असेल असं वाटलं तरी आपलं डोकं चालवायचं नाही. "घरातही माझा तोच नियम," त्या म्हणाल्या. "इथे येणाऱ्यांना जन्मभर लोक सांगत आलेले असतात की तुम्ही म्हणता ते तुम्ही नाहीच. म्हणून जो स्वतःला जे सांगेल ते मी धरते. शंका काढत नाही."

म्हणजे खोटंही धरतात, हे काटेवाल्याच्या ध्यानात आलं, आणि उरलासुरला धीरही सुटला. दुपारभर तो मागच्या खोलीत बसून भिंतीकडे बघत राहिला.

संध्याकाळी घंटा वाजली. दारात दोन मुली होत्या. एकीच्या बॅगेचं चाक तुटलेलं, दुसरीचे डोळे सुजलेले. एका लॉजनं त्यांना खोली दिली होती आणि दोघींना एका पलंगावर पाहून दुपारी बाहेर काढलं होतं. नोकरी दोघींना इथेच लागली होती. महिन्याच्या भाड्यानं खोली मिळेल असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्या आल्या होत्या.

आत्यांनी त्यांना पाणी दिलं आणि काटेवाल्याकडे वळल्या. "मावसभाऊ, खोली रिकामी करता ना? या दोघींना महिन्याच्या भाड्यानंच देऊन टाकते."

त्याच वेळी ब्रदर जिना चढून आला. त्यानं मुलींकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं, काटेवाल्याकडे पाहिलं नाही. "हो, करतो की," तो म्हणाला, आत गेला आणि कपडे बॅगेत भरू लागला. एकेक सदरा नीट घडी घालून, दवाखान्यातल्या चादरीसारखा. मागोमाग आत आलेल्या काटेवाल्याला तेवढं ऐकू येईल असं म्हणाला, "हॉस्पिटलात फोन करून येतो. खाट रिकामी आहे त्यांच्याकडे."

"थांब," काटेवाला म्हणाला. आणि हॉलमध्ये येऊन त्यानं आत्या, मुली, मास्तर, शिंपी अशा सगळ्यांदेखत सांगितलं, "आत्या, आम्ही मावसभाऊ नाही."

"मग कोण?"

काटेवाल्यानं तोंड उघडलं. मित्र म्हणावं तर फार थोडं झालं असतं. मित्र तर चहाच्या टपरीवरही असतात. जोडीदार पत्त्यांच्या डावात असतो, भागीदार दुकानात. मास्तरांनी सकाळी उत्तर दिलंच नव्हतं. त्याला एकाएकी आई आठवली. तिनं उभ्या आयुष्यात वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. तिला ज्या शब्दानं भागलं होतं तोच त्याच्या तोंडात आला. ब्रदरकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे... आमचे हे आहेत."

शिंपी खुदकन हसले. मास्तर खोकले.

आत्या मात्र हसल्या नाहीत. "काल एक सांगितलंत, आज दुसरं," त्या म्हणाल्या. "खोली जाते म्हटल्यावर आठवलं? स्वस्त भाड्यापायी जोडी असल्याचं नाटक करणारेही येऊन गेलेत माझ्याकडे. मी कुठलं धरू?"

हे काटेवाल्याच्या स्वप्नातही नव्हतं. जन्मभर लपवलेलं एकदाचं बोलून टाकावं आणि समोरच्यानं ते खोटं म्हणावं! पटवायचं कसं? चुरगाळलेल्या पलंगांचा पुरावा द्यायचा?  "आता जे म्हणालो ते धरा," एवढंच त्याला जमलं. "मला ती खोली हवी आहे. याच्यासोबत. पण या मुलींना बाहेर काढून नको. पण... हवी आहे."

आत्या ब्रदरकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

ब्रदर हातात अर्धी घडी घातलेला सदरा घेऊन दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्याचं काय करावं हे त्यालाच कळत नव्हतं.

"माझ्या आईला बहीणच नाही, आत्या," तो म्हणाला.

आत्यांनी तुटक्या चाकाची बॅग उचलून भिंतीशी ठेवली. मग म्हणाल्या, खोलीचं काय ते सकाळी ठरवू, मुलींना इथे दुसऱ्या कोणाकडे जागा मिळते का ते मीच फोन करून बघते, आजची रात्र पलंग त्यांना द्या. सुजलेल्या डोळ्यांच्या मुलीनं जाता जाता काटेवाल्याला थँक्यू म्हटलं. कशाबद्दल, ते त्याला समजलं नाही.

"म्हणजे तू येणार?" ब्रदरनं विचारलं.

"असं कुठे म्हणालो मी?"

"खोली मागितलीस ना आत्ता, सगळ्यांदेखत?"

"हो."

"मग?"

"मग... दुकानाचं काय?"

"इथे काय लोक हातानं तोलून देतात?"

काटेवाल्यानं ब्रदरच्या हातातला सदरा घेतला आणि उरलेली घडी घातली. 

आत्या गादी घेऊन आल्या. एकच. दुसरी होती त्यांच्याकडे, पण सकाळी काटा शून्यावर आणून दिलेल्या माणसाकडे बघत त्या म्हणाल्या, "जे सांगितलंत ते धरलंय मी." हॉलच्या मधोमध, जिथून मास्तर पाणी प्यायला जाणार, शिंपी औषध घ्यायला जाणार, तिथे त्यांनी ती टाकली आणि गेल्या.

काटेवाला गादीकडे बघत उभा राहिला. घरी तो नेहमी दाराच्या बाजूला झोपायचा. कोणी आलंच तर पटकन उठून दुसऱ्या खाटेवर जाता यावं म्हणून. इथे दार कुठल्या बाजूला धरायचं, तेच त्याला उमगेना. चारही बाजूंना माणसं होती.

"मी कुठे झोपू?" त्यानं विचारलं.

"आमचे हे म्हणतील तिथे," ब्रदर म्हणाला, आणि उशी झटकून त्याच्याकडे फेकली.