व्यवसाय : शिवणकाम

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्ज क्रमांक चारशे सतरावर मी उमटलो. शाई ताजी होती, दाब सारखा पडला, एकही अक्षर फिसकटले नाही.

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. अभिलेख कार्यालयाच्या खिडकीमागे, एका लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. सरकारी कागदांची प्रत मागायला लोक येतात, त्यांच्या अर्जांवर उमटणे हे माझे काम. माझ्या पोटावर एकच शब्द आहे : व्यावसायिक.

ज्या कारागिराने मला घडवले त्याने माझी अक्षरे उलटी कोरली. मूठ बसवताना तो म्हणाला होता, "उलटा आहेस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. कागदावर सुलटाच दिसशील." त्या शब्दांवर मी बरीच वर्षे काढली.

माझ्या स्टँडवर माझे दोन भाऊ आहेत, 'वैयक्तिक' आणि 'संशोधन'. अर्जावर आमच्यापैकी कोण पडतो, त्यावर अर्जदाराला किती आकार पडणार हे ठरते. स्वतःपुरती माहिती मागणाऱ्याला शोधायचे पहिले दोन तास आणि पहिली शंभर पाने फुकट. अभ्यासकाला फक्त प्रतींचा खर्च. आणि माहिती विकून किंवा वापरून धंदा करणाऱ्याला सगळेच : शोधायचा वेळ, काय द्यायचे हे अधिकाऱ्याने वाचून ठरवायचा वेळ, शिवाय पानांचे पैसे. तो तिसरा वर्ग माझा.

सुरुवातीला मला एक वयस्कर बाई वापरत. त्या प्रत्येक अर्ज हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत वाचायच्या आणि मगच आमच्यापैकी एकाला उचलायच्या. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी नव्या कारकुनाला त्यांनी दोन वाक्यांत काम समजावले. "काही अवघड नाही. व्यवसाय बघायचा आणि शिक्का मारायचा."

त्यांना म्हणायचे होते, माणूस या माहितीचा धंदा करणार आहे का ते बघायचे. नव्या कारकुनाने अर्जाचा चौथा रकाना बघितला. त्या रकान्याचे नावच 'व्यवसाय' आहे.

या कारकुनाला सगळे मोजपट्टी म्हणतात. तो प्रत्येक नोंदीखाली पट्टीने रेघ मारतो. माणूस सरळ, खिडकीवर कुणी चहा पुढे केला तरी घेत नाही. चौथा रकाना रिकामा असला की तो 'वैयक्तिक'ला उचलायचा, भरलेला असला की मला. असे अकरा वर्षे चालले. मी गाडीचालकांच्या अर्जांवर उमटलो, परिचारिकांच्या, न्हाव्यांच्या, शिक्षकांच्या. माझ्या 'व्या'चा काना झिजून गेला आणि 'वैयक्तिक'चे रबर मात्र कोरे करकरीत राहिले. शिपाई एकदा म्हणालाही होता की या खिडकीवर बेकार माणसाची चंगळ आहे, कामकरी माणूसच लुटला जातो. सगळे हसले. मोजपट्टीही हसला. विनोद काय होता ते मात्र त्याला कळले नाही.

चारशे सतरा क्रमांकाचा अर्ज एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता. तिचे वडील एका सरकारी इमारतीत लिफ्ट चालवत. साडेनऊ वर्षांपूर्वी ती लिफ्ट कोसळली आणि ते गेले. चौकशीत दोष त्यांच्यावरच आला : चालकाचा निष्काळजीपणा. पुढे त्यांच्या एका सोबत्याने तिला सांगितले की अपघाताच्या तीन महिने आधी तपासनिसाने वहीत लिहून ठेवले होते, दोर झिजला आहे, बदलावा. ती वही आमच्याच अभिलेखात आहे. बाईला त्यातले एक पान हवे होते.

पंधरा दिवसांनी ती आकाराचा कागद हातात घेऊन खिडकीवर आली. शोधायचे दोन तास आणि अधिकाऱ्याने तीन वह्या वाचायचे चौदा तास. रक्कम तिच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी होती, आणि ती आधी भरायची होती.

"दादा, एका पानाचा मी काय धंदा करणार?"

मोजपट्टीने रकान्यावर बोट ठेवले. "इथे तुम्हीच लिहिलंय, शिवणकाम."

"विचारलं होतं म्हणून लिहिलं. खोटं कसं लिहू?" मग ती म्हणाली, "आई अंथरुणाला खिळलीय. नऊ वर्षं लोकांचं ऐकतेय की तुझ्या नवऱ्याच्या चुकीनं झालं. तिला ते पान वाचून दाखवायचंय, बास."

मोजपट्टी म्हणाला की तुम्ही अपील करू शकता, तीस दिवसांची मुदत आहे. अपिलाचा अर्ज त्याने स्वतः काढून दिला आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली.

ती गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो जुना अर्ज ओढून घेतला आणि वाचला. "अहो, हा रकाना माणसाच्या पोटापाण्याचा आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या हेतूचा नाही."

 मोजपट्टीने अकरा वर्षांच्या नोंदवह्या कपाटातून काढल्या आणि एकेक पान उलटू लागला. जेवणाच्या सुट्टीतही तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांना टिपण लिहिले : वर्गीकरण चुकले आहे, चूक माझी आहे, आकार रद्द व्हावा. मारलेला शिक्का त्याला स्वतःला खोडता येत नाही. तो अधिकार वरच्या मजल्यावरचा.

मित्रांनो, मला एकच शब्द येतो. तो कुणावर उमटवायचा हे मला ठरवता येत नाही, ते हातात धरणाऱ्यालाच ठरवावे लागते. पुढे कधी तुमच्या हाती माझ्यासारखा शिक्का आला, तर कागद आधी शेवटपर्यंत वाचा. त्या वयस्कर बाई वाचायच्या तसा.

त्या दिवसाला अडीच महिने झाले, तेव्हापासून मला शाई लागलेली नाही. मोजपट्टीने मला पालथे न ठेवता उताणे ठेवले आहे. अक्षरे वर आहेत आणि त्यांवर धूळ बसते.

तपासणीच्या वह्या दहा वर्षे ठेवायच्या असतात. नष्ट करायच्या वह्यांची यादी सोमवारी अभिलेख कार्यालयाच्या दारावर लागली. लिफ्टची वही तिसऱ्या ओळीत आहे, तारीख या महिन्याची अखेर. यादी थांबवावी म्हणून मोजपट्टीने दुसरे टिपण वर पाठवले आहे. बाई काल खिडकीवर येऊन गेली. अपिलाच्या फायलीवर अजून 'विचाराधीन' असेच लिहिलेले आहे.