एक्केचाळीस नंबरचं पाकीट

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, कापड दुकानाच्या वरच्या सभागृहात, शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं काचेची बाटली उंच धरली. बाटलीत सत्तावीस हिरवे खडे होते. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत तिची धाकटी बहीण उभी होती. ती रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

व्यासपीठावरच्या माणसाला लोक नादगुरू म्हणत. त्याच्याकडे धातूची एक वाटी आणि लाकडी दांडा होता. पित्ताशयात खडे असलेल्यांच्या पोटावर तो वाटी ठेवायचा आणि तीनदा वाजवायचा. मग रुग्णानं उपाशीपोटी पेलाभर तेल आणि आंबट रस प्यायचा, की दुसऱ्या सकाळी शौचावाटे खडे बाहेर.

"डॉक्टरसुद्धा आता आवाजानं कापतात," तो सांगत होता. "रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलंय, जाऊन वाचा. फक्त त्यांना पोटाला चार भोकं पाडावी लागतात. बिचारे शिकतायत अजून."

गुण आला नाही तर तेल कमी प्यायलं, तेल पुरेसं असेल तर श्रद्धा कमी पडली. वाटी कधीच कमी पडत नसे.

भिंतीवर खरंच लिहिलं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना कापायचं कशानं, याची तुलना तिथले सर्जन करत होते. एक विजेवर तापणारा बारीक हुक, वर्षानुवर्षं वापरातला. दुसरी नवी कात्री. तिचं पातं कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि पकडीत आलेला भाग कापून बंद करतं. ऐंशी रुग्ण, ऐंशी बंद पाकिटं. कुणाला कोणतं हत्यार, ते पाकिटात. रुग्णाला भूल दिल्यावरच पाकीट फोडायचं, असा नियम होता. पाकिटांच्या कपाटाची किल्ली धाकटीकडे होती.

थोरलीही या ऐंशींत होती, तिचा नंबर एक्केचाळिसावा. शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी तिनं बहिणीपाशी हट्ट धरला. नुसतं सांग, बाकी काही नको, मनाची तयारी करते. धाकटीला या बहिणीनं शिवणयंत्र चालवून शिकवलं होतं. तिनं पाकीट दिव्यासमोर धरलं आणि संध्याकाळी घरी सांगितलं. हुक.

"हुकनं कोण कापतं गं?" थोरली म्हणाली. "तीस वर्षं कापड कापतेय मी. चांगलं कापायचं तर कात्रीच लागते. चांगली कात्री दुसऱ्या कुणाला, आणि माझ्या वाट्याला जुनं सामान?"

धाकटीनं समजावलं, सर्जननी फोनवर समजावलं. कोणतं हत्यार सरस ते ठरलेलं नाही, म्हणूनच तर पाकिटं. ठरलं असतं तर सगळ्यांना तेच वापरलं असतं. थोरलीनं ऐकून घेतलं आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी ती रुग्णालयात आलीच नाही. आवाजानंच कापायचं तर भोकं न पाडणाऱ्याकडे का जाऊ नये, असा तिचा हिशेब होता.

बुधवारी दुपारी धाकटीनं बाटलीतला एक खडा बशीत ठेवला आणि बशी गरम चहाच्या पेल्यावर. चहा निवायच्या आत खडा पातळ झाला, बशीत हिरवट तेल उरलं. तिनं ते थोरलीला दाखवलं.

"तुला रुग्णालयाची बाजू घ्यावीच लागणार," थोरली म्हणाली. "आणि हुकचं कुणी सांगितलं मला? तूच ना?"

गुरुवारी धाकटीनं स्वतःची सोनोग्राफी करून घेतली. पित्ताशय स्वच्छ, एकही खडा नाही. वाटीजवळसुद्धा न जाता ती उपाशीपोटी ते तेल आणि रस प्यायली. शुक्रवारी सकाळी तिला एकोणीस हिरवे खडे मिळाले.

ते घेऊन ती बहिणीकडे गेली तेव्हा थोरली यंत्राशेजारी जमिनीवर बसली होती. थंडी वाजून अंग थरथरत होतं. डोळे पिवळे झाले होते. खरा खडा जागचा हलून पित्तनळीत अडकला होता. धाकटीनं तिला तसंच रुग्णालयात नेलं.

पुढच्या मंगळवारी सभागृह पुन्हा भरलं. धाकटी रात्रपाळी करून तशीच आली होती. बोलायची परवानगी तिनं मागितली नाही. मेजावर तिनं सोनोग्राफीचा कागद ठेवला, खड्यांची डबी ठेवली, चहाचा पेला ठेवला.

"हे माझे खडे," ती म्हणाली. "माझ्या पित्ताशयात काहीच नाही, हा कागद बघा. तेल आणि आंबट रस पोटात एकत्र आले की साबणासारख्या गोळ्या होतात. तुमच्याही होतील."

नादगुरू हसला. यंत्राला दिसत नाहीत असे खडे असतात म्हणाला. तिनं एक गोळी बशीत टाकून पेल्यावर ठेवली. पहिल्या रांगेतले एक निवृत्त पोस्टमन उठले, खिशातून स्वतःची पुडी काढली आणि त्यातला खडा तिच्या गोळीशेजारी ठेवला. दोन्ही एकदमच वितळली.

"आणि आवाज?" कुणीतरी विचारलं.

"त्या कात्रीचं पातं थेट त्या जागी टेकावं लागतं, दाबून धरावं लागतं. हवेत धरली तर कागदसुद्धा कापत नाही. यांनी या वाटीनं स्वतःची मिशी कापून दाखवावी."

थोडे हसले. ती हसली नाही.

"माझी चूक आधी ऐका. बंद पाकिटातलं मी आधीच सांगून टाकलं. आमच्याकडे दोन हत्यारं ऐंशी माणसांवर ताडून बघतायत, तरी सर्जन अजून छातीठोक काही बोलत नाहीत. यांनी कशाशी ताडून बघितलं? ज्यांना गुण आला नाही ते कुठे गेले? एवढंच विचारा. बहिणीला हे विचारायला मी शिकवलं नाही, हत्याराचं नाव तेवढं सांगितलं."

साठेक माणसं उठून गेली. बाकीची बसून राहिली. अकरा वाजता वाटी पुन्हा वाजली.

तुलना गेल्या आठवड्यात संपली. कात्रीनं सरासरी सात मिनिटं वाचली, धूर कमी झाला. रक्तस्राव, दुखणं, घरी जायचा दिवस यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. हुकवाले सगळे आपल्या पायांनी घरी गेले.

थोरलीच्या पित्तनळीतला खडा काढला आहे, पण त्यानं स्वादुपिंडाला आणलेली सूज उतरलेली नाही. आज सकाळी सहा वाजता ताप एकशे दोन होता. तिनं डोळे उघडले आणि बहिणीकडे पाहिलं. पित्ताशय कधी काढायचं ते ठरलेलं नाही. नोंदवहीत एक्केचाळीस नंबरावर रेघ मारली आहे. कारणाचा रकाना धाकटीनं स्वतः भरायचा आहे, असं सर्जननी सांगितलं. तो अजून कोरा आहे.