शेरीफची शेवटची हाक

"बुधवारी बाराला वादळाचा भोंगा नको," असं म्हणत शेरीफ वेंडेल स्टुकी व्हर्ला पेनरच्या टेबलाच्या कडेवर टेकला. समोर खुर्ची रिकामी असली तरी दुसऱ्याच्या टेबलावर बसायची त्याची खोड जुनी होती. "महिन्याचा पहिला बुधवार आहे, चाचणी असते, सगळं ठाऊक आहे मला. पण तेव्हा जत्रेच्या मैदानावर माझं निरोपाचं भाषण चालू असेल. पुढच्या महिन्यात वाजव."

"चाचणी चुकवली तर वर कळवावं लागतं, साहेब."

"मग कळव. आपत्ती व्यवस्थापन आणि कंट्रोल रूम, दोन्हीची प्रमुख कोण? तू का मी?"

"मी," व्हर्ला म्हणाली.

"झालं तर. आणि हे बघ, शेवटची हाक तू स्वतः दे. त्या नव्या पोरींना देऊ नकोस, त्या मध्येच रडतात. सव्वीस वर्षं नोकरी केली म्हणावं, लोकांना सुखाची झोप दिली म्हणावं. तुला जमतं ते."

"तुमची शेवटची हाक अख्ख्या काउंटीच्या लक्षात राहील. तेवढं माझ्याकडे लागलं."

शेरीफ खूश झाला. तिच्या बशीतलं एक बिस्किट उचलून, तिचा खांदा थोपटून तो गेला. जन्मभर लोक गोडच बोलले की माणसाच्या कानाला दुसरी चव कळेनाशी होते.

ब्लूस्टेम काउंटीत पोलीस निवृत्त झाला की कंट्रोल रूम त्याला वायरलेसवर शेवटची हाक देते. त्याचा नंबर पुकारायचा, त्याने ओ द्यायची, मग चार चांगले शब्द बोलून तो नंबर कायमचा बंद करायचा. हे पोलिसांपुरतंच राहतं असं कुणी समजू नये. कॅन्ससच्या त्या गवताळ मुलखात घरोघरी स्वयंपाकघराच्या खिडकीत पोलिसांचं वायरलेस ऐकायचं यंत्र ठेवलेलं असतं. कुणाच्या कोठाराला आग लागली, कोण पिऊन खड्ड्यात गेला, हे बायकांना बटाटे सोलता सोलता कळतं. शेवटच्या हाकेला तर म्हातारी माणसं केस विंचरून यंत्रापाशी बसतात. व्हर्लाला नेमके हेच कान हवे होते.

अकरा वर्षांपूर्वी कंट्रोलच्या खुर्चीत तिची थोरली बहीण ओनायडा बसायची. काउंटीची जत्रा भरली होती आणि उधळत्या बैलावर बसायच्या स्पर्धेची शेवटची फेरी चालली होती. मैदानावर चार हजार माणसं होती. त्या दिवशी सकाळीच स्टुकीने हुकूम सोडला होता, "जत्रेतल्या निम्म्या लोकांच्या खिशात वायरलेस ऐकायची यंत्रं आहेत. माझ्याशी जे बोलायचं ते सहा नंबरवर बोल." सहा नंबर म्हणजे पोलिसांचं गप्पांचं चॅनेल. जेवायला कुठे जायचं, कुणाची बायको रुसली, असली बोलणी तिथे चालत. बाहेर कुणाला ते ऐकू येत नसे, आणि त्याची नोंदही होत नाही असं सगळे धरून चालत.

त्या काळी भोंगा वाजवायचा तर शेरीफचा होकार लागे. चार वाजून बारा मिनिटांनी नैर्ऋत्येकडून टोर्नेडो येताना दिसला. ओनायडाने सहा नंबरवर शेरीफला तीनदा विचारलं, भोंगा वाजवू का. तिन्ही वेळा उत्तर आलं, थांब. टोर्नेडोने जत्रेचं मैदान वगळलं आणि पूर्वेच्या ट्रेलर वस्तीवरून, चाकांवरच्या पत्र्याच्या घरांवरून, नांगर फिरवला. तिथे तीन माणसं गेली. एक म्हातारं जोडपं आणि मावीस क्लासेनचा नवरा एब.

चौकशी झाली तेव्हा स्टुकीने कानावर हात ठेवले. मला कुणी विचारलंच नाही, म्हणाला. मुख्य चॅनेलच्या टेपमध्ये खरंच काही नव्हतं. ओनायडा एकटी दहा फोन सांभाळत होती, त्यामुळे नोंदवहीत तिने ते मागाहून लिहिलं होतं. त्या धंद्यात मागाहून लिहिलेली नोंद म्हणजे रचलेली नोंद. सहा नंबर आणखी कुणी ऐकला नसेल असं नाही, पण ऐकणाऱ्यांना पोटं होती. ओनायडाची नोकरी गेली, आणि करून सवरून नामानिराळा राहिलेला स्टुकी शेरीफपदाच्या पुढच्या दोन निवडणुका हसत हसत जिंकला.

व्हर्ला त्यानंतर मुद्दाम त्याच कंट्रोल रूममध्ये चिकटली. लोकांनी तोंडं वाकडी केली, बहिणीच्या राखेवर बसली म्हणाले. ती काम करत राहिली, परीक्षा देत राहिली आणि प्रमुख झाली. प्रमुख झाल्यावर पहिल्याच दिवशी तिने परवानगीचा नियम फाडून टाकला. खुर्चीत जो असेल त्याने भोंगा वाजवायचा, कुणाच्या बापाला विचारायचं नाही. बहिणीच्या बाजूचा पुरावा हाती लागायला मात्र या वर्षीचा मार्च उजाडला. टेप करायचं जुनं यंत्र भंगारात काढताना तंत्रज्ञ सहज म्हणाला, "यात सहा नंबरचंपण सगळं आहे. ठेवायचं का?" आठही चॅनेल पहिल्यापासून टेप होत होती. कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

"ठेवायचं," व्हर्ला म्हणाली, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडली.

टेप सरकारी वकिलाला द्यावी तर तो स्टुकीचा साडू. पेपरवाल्यांना द्यावी तर स्टुकी म्हणणार, बनावट आहे. आणि खरं सांगायचं तर व्हर्लाला नुसता न्याय नको होता. त्याने आपल्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत, आणखी एकदा खोटं बोलावं अशी तिची इच्छा होती. तीन महिने ती दातओठ खात गप्प बसली आणि स्टुकीला बिस्किटं खाऊ घालत राहिली.

सोमवारी संध्याकाळी ती ओनायडाकडे गेली. ओनायडा आता अंड्यांच्या कारखान्यात तडकलेली अंडी वेगळी काढायचं काम करायची. घरातला फोन तिने अकरा वर्षांपूर्वीच उपटून टाकला होता. कुणाला काम असेल त्याने दार वाजवावं.

"तुला माझं नाव धुऊन काढायचंय की त्याचं काळं करायचंय?" सगळं ऐकून ओनायडाने विचारलं.

"दोन्ही. पण आधी दुसरं."

"निदान खरं बोललीस." ओनायडा पावाची कणीक मळत होती, तिचे हात थांबले नाहीत. "स्टुकीचं मला काही वाटत नाही गं. तो तसलाच. पण मी चर्चमध्ये बसले की मावीस उठून दुसऱ्या बाकावर जाते. अकरा वर्षं, दर रविवारी. एकदाही विसरली नाही."

"म्हणून तर म्हणते, तू ये. हाक तू दे."

"टेप आहे ना? वाजव. मी कशाला?"

"तुझा आवाज ऐकला की तो घाबरेल, आणि घाबरला की खोटं बोलेल. टेप त्यानंतर. ऐकतेस?" व्हर्लाने फोन बाहेर काढला.

"नको."

"का?"

ओनायडाने पिठाचे हात टेबलावर टेकले. "कारण मलाच आता खात्री नाही. सगळी काउंटी एकीकडे आणि मी एकीकडे. कधी कधी वाटतं, मी विचारलंच नसेल. मनातल्या मनात विचारलं असेल. तसं निघालं तर मी काय करू, व्हर्ला?"

या एका वाक्याचे पैसे स्टुकीच्या सात पिढ्यांना फेडता आले नसते. व्हर्लाने काही न विचारता टेप लावली.

ओनायडा उभ्यानेच ऐकत राहिली. स्वतःचा अकरा वर्षांनी तरुण आवाज तिने तीनदा ऐकला. संपल्यावर तिने नळाखाली हात धुतले, एकेक बोट घासून, आणि पुसत पुसत म्हणाली, "बुधवारी किती वाजता?"

बुधवारी अकरा पंचावन्नला ती चर्चला घालायच्या निळ्या झग्यात जुन्या खुर्चीत बसली होती. खऱ्या कामाची सगळी बोलणी व्हर्लाने आधीच दोन नंबरवर वळवली होती. आपल्या सुडापायी कुणाची रुग्णवाहिका अडायला नको, एवढं भान तिला होतं. राजीनामा लिहून खणात ठेवला होता. भिंतीवरच्या पडद्यावर जत्रेचं मैदान दिसत होतं. रांगेत खुर्च्या, गर्दी, आणि व्यासपीठावर पांढरी टोपी घातलेला स्टुकी, हातात वायरलेस घेऊन.

ओनायडाने बटण दाबलं. "ब्लूस्टेम एक, कंट्रोल."

"ब्लूस्टेम एक. बोला कंट्रोल, ऐकतोय," स्टुकी म्हणाला आणि लोक हसले, टाळ्या पडल्या.

"ब्लूस्टेम एक, ओनायडा पेनर बोलतेय. अकरा वर्षांपूर्वी चार वाजून बारा मिनिटांनी मी तुम्हाला विचारलं होतं, भोंगा वाजवू का. तुम्ही काय सांगितलं होतं?"

पडद्यावर पांढरी टोपी हलेनाशी झाली. कर्ण्यांतून तिचा आवाज सगळ्या मैदानावर गेला होता.

"ओनायडा," तो शेवटी म्हणाला, आवाजात साखर घोळवून, "तुला त्रास झाला, आम्हा सगळ्यांना झाला. पण आज तो विषय नको."

"दुसऱ्यांदा विचारतेय. काय सांगितलं होतं?"

"व्हर्ला, तिला बाजूला कर."

व्हर्ला हाताची घडी घालून उभी राहिली.

"तिसऱ्यांदा विचारतेय, साहेब."

स्टुकीने टोपी काढली. मैदानाकडे बघत, छातीवर हात ठेवून, शब्द सुटे सुटे करत तो म्हणाला, "देवाला साक्षी ठेवून सांगतो. त्या दिवशी या बाईने मला काही म्हणजे काही विचारलं नाही."

व्हर्लाने टेप सुरू केली.

आधी बैलांचं डुरकणं आणि गर्दीची आरोळी. मग ओनायडा, "भोंगा वाजवू का, साहेब?" आणि स्टुकी, काहीतरी चघळत, "शेवटची फेरी चालू आहे. चार हजार माणसं उठून पळतील. दहा मिनिटं थांब." पुन्हा ओनायडा. "थांब म्हटलं ना." पुन्हा ओनायडा, आता रडवेली, ट्रेलर वस्तीचं नाव घेऊन. "माझ्या परवानगीशिवाय बटणाला हात लावलास तर उद्यापासून घरी बसशील. कळलं?" आणि पाठोपाठ लोकांच्या टाळ्या. कुणीतरी बैलावर टिकून राहिला होता.

मग पहिल्या रांगेतला नगराध्यक्ष उठला आणि दोन खुर्च्या सोडून बसला. त्याच्यामागून दुसरा उठला. व्यासपीठावर स्टुकीच्या बायकोने आपली पर्स मांडीवर घेतली आणि ती जमिनीकडे बघत राहिली. स्टुकी बोलत होता, पण व्हर्लाने त्याचा आवाज बंद केला होता. व्हर्लाला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला, आणि तो तिने पोटभर घेतला.

"ब्लूस्टेम एक," ओनायडा म्हणाली, "बारा वाजले. तुमचा नंबर बंद केला आहे."

समोर भोंग्याचं लाल बटण होतं. तिने व्हर्लाकडे पाहिलं नाही, कुणालाच विचारलं नाही. बोटाने दाबलं.

महिन्याची चाचणी होती, दर महिन्याला वाजतो तोच भोंगा. पण त्या दुपारी तो तीन मिनिटं वाजला तेव्हा ट्रेलर वस्तीत लोक दारात येऊन उभे राहिले. मैदानावर टोपी हातात घेऊन स्टुकी एकटा उभा होता आणि त्याचं भाषण त्याच्या खिशातच राहिलं.

भोंगा थांबताच फोन पेटले. दोन्ही पोरी दोन फोनवर गुंतल्या, तिसरा वाजत राहिला. व्हर्ला उचलायला वळली, तर ओनायडाने तो आधीच उचलला होता. अकरा वर्षं फोनला न शिवलेला तिचा हात आपसूक गेला होता.

"नऊ-एक-एक. पत्ता सांगा."

पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, "पत्ता तुला माहीत आहे. मावीस क्लासेन."

ओनायडाने फोन कानाशी घट्ट धरला.

"तीनदा विचारलंस तू, ओनायडा?"

"तीनदा."

"आणि मी बाक बदलत राहिले." मावीस म्हणाली. "काय बोलू गं मी तुझ्याशी?"

"मावीस, घरी काही अडचण आहे का? आग, अपघात, कुणी आजारी?"

"नाही. तसं काही नाही."

"मग ही लाइन मोकळी कर," ओनायडा म्हणाली. "रविवारी माझ्या शेजारी बस." आणि तिने पुढचा फोन उचलला.