दुसरा डोळा

शहरात बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं की लोक पुतळे आणि बागा दाखवतात. ही मुलगी दाखवायची कुठेच न जाणारा जिना. इमारत कधीच पाडली होती, जिना तेवढा भिंतीला धरून उभा राहिला होता. मग नुसत्या बटणांचं दुकान, मग कुलूप नसलेल्या किल्ल्या विकणारा म्हातारा. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नोकरी मिळेना, तेव्हा तिने रविवारी लोकांना असं फिरवायला सुरुवात केली होती. आई म्हणायची, "एवढी शिकलीस, आणि रिकामे जिने दाखवत हिंडतेस."

फेरी संपायची ती तिच्या काकांच्या दुकानात. काका डोळे बनवायचे. ज्यांचा एक डोळा गेलाय अशांना खिडकीपाशी बसवून, त्यांच्या चांगल्या डोळ्यात बघत बघत ते चकतीवर बुबुळ रंगवायचे आणि पांढऱ्या भागावर लाल रेशमाच्या शिरा चिकटवायचे. दुकानात 'खोटा डोळा' म्हणायला बंदी होती. 'दुसरा' म्हणायचं. पाहुण्यांना ते शेवटी विचारायचे, "माझा दुसरा कोणता, ओळखा." लहानपणी दगड लागून त्यांचाही एक गेला होता. लोक हटकून चुकायचे.

पण उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू होता. उन्हाळ्यात काका निळा शर्ट काळा समजून घालून आले, तेव्हा तीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली होती. भिंग पिवळं पडलंय, डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करा, शंभरात एखादंच बिघडतं.

"ज्याला दोन आहेत त्याला सांगा," काका घरी येऊन म्हणाले. "माझ्याकडे एकच आहे. बिघडला तर एकात एक."

तिने हट्ट केला नाही, कारण तिने आपल्या परीने हिशेब मांडला होता. पिवळ्या काचेतून समोरचा डोळा पिवळा दिसणार, आणि काकांनी रंगवलेलाही तितकाच पिवळा. म्हणजे जुळणी बिघडायचं कारण नाही. हिशेब तिला इतका आवडला की तिने तो तपासलाच नाही.

त्या रविवारी पाहुणे दुकानात दाटीवाटीने उभे असताना एक बाई आल्या. चांगला डोळा घारा, शाळेत शिकवणाऱ्या. मागच्याच आठवड्यात काकांकडून डोळा घेऊन गेल्या होत्या.

"राग मानू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण वर्गातली मुलं विचारतात, बाई, तुमचा निळा डोळा खरा की घारा?"

"पोरांना काय कळतंय," काका म्हणाले. त्यांनी बाईंना खिडकीत बसवलं, हनुवटी वर करायला लावली, बराच वेळ निरखलं. "तंतोतंत आहे. तुमच्या वर्गातली ट्यूबलाइट बदला."

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं, मग हसू आवरलं. तो डोळा स्वच्छ निळा होता. काका सोडून ते सगळ्यांना दिसत होतं.

तिला आपली चूक लख्ख कळली. पिवळी काच निळा रंग अडवते. दोन रंगांतला फरकच निळ्याचा असेल, तर काकांना दोन्ही सारखेच दिसणार. ते चुकत नव्हते, त्यांना खरोखरच जुळलेलं दिसत होतं.

"काय गं शास्त्रज्ञबाई," काका म्हणाले, "तू सांग यांना."

हो म्हणावं, बाईंना नंतर गाठून समजावावं, असं तिच्या मनात आलं. बाई तिच्याकडे बघत होत्या, दोन रंगांनी.

"निळा झालाय, काका. खूप."

काकांनी कुंचला पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"कधीपासून माहीत आहे?"

"भिंग पिवळं पडल्याचं उन्हाळ्यापासूनच. पण मला वाटलं, रंगकामावर परिणाम होणार नाही."

"वाटलं. आणि माणसं आणत राहिलीस. मी त्यांना विचारत राहिलो, ओळखा म्हणून."

पाहुणे एकेक करत बाहेर सटकले.

"बाई, हा डोळा राहू दे इथे," काका म्हणाले. "दुसरा करून देईन. कधी ते आत्ता सांगता यायचं नाही." बाईंनी मान हलवली, पाठ करून डोळा काढला, काळा चष्मा लावला आणि गेल्या.

काकांनी तो डोळा तळहातावर घेतला, खिडकीकडे धरला, जवळ नेला, लांब नेला. मग तिच्यापुढे केला. "कुठे आहे निळा? दाखव."

तिने बोट ठेवलं. ते तिथे पाहत राहिले.

"नाही दिसत," ते म्हणाले. "डॉक्टरांची तारीख घे."

तिने फोन हातात घेतला. शंभरातल्या नव्याण्णवांचा विचार करायला हवा, हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांपुढे तो उरलेला एकच येत होता.

"लाव ना फोन," काका म्हणाले.

तिने लावला.