दारातला नारिंगी रंग

संध्याकाळी पाचपर्यंत छापखान्याला रंग कळवायचा होता, आणि ते काम मार्नीकडे होतं.

संस्थेचं नाव 'किटली'. पुरानंतर नदीकाठी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, चहा टाकायचा, दोन घटका बसायचं, एवढंच तिचं काम. आता फलक, गाडी, स्वयंसेवकांचे सदरे, सगळं एकाच रंगात करायचं ठरलं होतं.

"तपकिरी घे," संस्थेतला ट्रेव्हर बैठकीत म्हणाला. "चहा सांडला तरी दिसायचा नाही."

"आणि हिरवा का नको?" कुणीतरी विचारलं.

"तो पलीकडच्या गावच्या फुटबॉल संघाचा! घालून जा माझ्या आईकडे, कुत्रंच सोडेल अंगावर."

मार्नीनं मात्र नारिंगीचा हट्ट धरला. पुरात ती छपरावर बसून होती, तेव्हा आपत्कालीन सेवेची नारिंगी कपड्यांतली माणसं होडी घेऊन आली होती. नारिंगी म्हणजे सुटका. या गावात ते कुणाला वेगळं सांगायला हवं? सगळ्यांनी माना डोलावल्या. तरी तिची धाकधूक जाईना. एकदा छापलं की माघार नव्हती. शेवटी दुपारी नमुन्याचा नारिंगी सदरा अंगात घालून ती नदीकाठी एकट्या राहणाऱ्या एल्स्पेथ हारकोर्टबाईंकडे चहाला गेली.

दार वाजवलं. पडदा हलला, पण दार उघडेना. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला, मग मांजराचं ओरडणं.

"हारकोर्टबाई? बऱ्या आहात ना?"

"कुठवर आलंय?" आतला आवाज चिरकला होता. "पुलाला लागलं का? आधी मांजराला घ्या हो, मला माळ्यावर चढवत नाही!"

बाहेर तर लख्ख ऊन होतं. मार्नीला काही उमगेना. मग तिची नजर स्वतःच्या नारिंगी बाह्यांवर गेली आणि उलगडा झाला. पुरात तिला वाचवायला आलेली तीच नारिंगी माणसं बाईंच्या दारात मात्र घर सोडा म्हणून सांगायला उभी राहिली होती.

तिनं घाईघाईनं सदरा काढून कुंपणामागे टाकला आणि आतल्या बनियनवरच ओरडली, "अहो, मी मार्नी! पाणीबिणी काही नाही. चहाला आलेय!"

दार उघडलं. बाईंच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, काखेत मांजर, हातात औषधांची पिशवी.

"आधी नाही का सांगायचंस, पोरी! मला वाटलं, निघा म्हणायला आले."

मार्नीनं चहाचं पाणी ठेवलं, तोच छापखान्याचा फोन आला.

"नारिंगी पक्का ना? शाई तयार आहे."

"थांबवा. नारिंगी नको."

"मग कुठला?"

"ते अजून नाही ठरलं."

"मग तुमचं काम मागे पडेल हं, बाई."

"पडू दे."

आता ट्रेव्हरला आणि बाकीच्यांना काय सांगायचं, ते नंतर बघू, असं तिनं ठरवलं. कप ठेवून ती बाईंच्या पायांशी बसली.

"बूट काढू का तुमचे?"

"राहू दे," नदीकडच्या खिडकीवरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "चहा पिऊन होईपर्यंत असू दे."