पान सत्तेचाळीस: पुलावरची रस्सीखेच

माझ्या पुस्तिकेमुळे एका माणसाचा जबडा मोडला, हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. त्यानंच पत्र लिहून कळवलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, कारण उजव्या हाताची दोन बोटंही मोडली होती. 'तुमच्या पान सत्तेचाळीसवर विश्वास ठेवून मी दोराला हात लावला,' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि पत्र फायलीत लावून टाकलं.

शहराच्या माहिती कार्यालयासाठी मी पाहुण्यांची वार्षिक पुस्तिका तयार करतो. फुलांचं प्रदर्शन कुठल्या महिन्यात, होड्यांच्या शर्यती कधी, पुस्तकांचा बाजार कुठे भरतो, बँड कुठल्या चौकात वाजतो. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी काम माझ्याकडेच आहे, कारण दुसऱ्या कुणाला ते नको आहे. पद्धत सोपी. मागच्या वर्षीची पानं समोर ठेवायची, आयोजकांना फोन करायचे, तारखा बदलायच्या. बाकीचा मजकूर तसाच. गर्दीत माझा जीव घाबरा होतो, त्यामुळे यातला एकही कार्यक्रम मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कुणी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पान सत्तेचाळीसवर जुन्या पुलावरची रस्सीखेच आहे. एका बाजूला वरच्या बाजारातले हमाल, दुसऱ्या बाजूला खालच्या धक्क्यावरचे नावाडी. मजकूर माझ्या आधीच्या साहेबांचा. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'पाहुण्यांनीही निःसंकोच दोराला हात लावावा. पुलावर त्या दिवशी कुणी परका नसतो.' पत्र आल्यावर मी ते वाक्य खोडायला पेन उचललं होतं. दोनदा. पण इतकं नेटकं वाक्य मला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. साहेबांच्या ओळीवर काट मारणारा मी कोण? आणि एका पत्रावरून काय ठरवायचं? मी तारीख बदलली आणि पान छपाईला पाठवलं.

यंदा माझी धाकटी बहीण आणि मेहुणे आठ दिवस राहायला आले. मेहुण्यांनी तीस वर्षं कारखान्यात घण चालवलेला. साठी ओलांडली तरी दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागतो. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी पुस्तिका उघडली.

"दादा, हे सगळं तुम्ही लिहिता? मग आमच्यासारख्यानं काय बघायचं ते सांगा. फुलं बघितली की मला झोप येते."

"रविवारी वाचनाचा कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"म्हणजे बसल्या बसल्या झोप."

"दादा, यांना कुठेतरी जुंप बाबा," धाकटी म्हणाली. "दोन दिवस नुसतं माझं डोकं खातायत."

मेहुणे पानं उलटत राहिले आणि थांबले. त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात कार्यक्रम! उद्याच आहे की."

"तिथे जरा दांडगाई होते म्हणे," मी म्हणालो.

"म्हणे? अहो, लिहिणारे तुम्हीच ना?"

"हो. पण..."

"पण काय?"

सांगायचं तर पत्राचं सांगावं लागलं असतं. मग ते वाक्य का ठेवलं, तेही. "काही नाही. जपून," मी म्हणालो आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला दोघं निघाले. मी पुस्तक घेऊन बसलो. एकच पान किती वेळ समोर होतं कोण जाणे. शेवटी चपला घातल्या आणि जवळजवळ पळतच पूल गाठला.

पूल अरुंद, दोन्हीकडे कमरेएवढा दगडी कठडा, खाली उन्हाळ्यात उघडे पडलेले खडक. माणसं इतकी की श्वास घ्यायला मान वर करावी लागत होती. हमालांच्या मनगटाला लाल पट्टी, नावाड्यांच्या निळी. हे पट्ट्यांचं पुस्तिकेत कुठेच नाही. दोराच्या लाल टोकाला, सगळ्यांत शेवटी, मेहुणे पाय रोवून उभे होते. मनगट मोकळं. कठड्याला टेकून धाकटी त्यांना हसत काहीतरी चिडवत होती.

"अहो!" मी हाक मारली. ती माझ्या पुढच्या माणसालाही ऐकू गेली नसेल. आणखी एक मारेपर्यंत शिट्टी वाजली.

मी रस्सीखेच वाचली होती, पाहिली नव्हती. तळहात सोलून निघत होते, दोर जागोजागी लाल होत होता आणि कुणी सोडत नव्हतं. मेहुणे मागे झुकले तेव्हा अख्खी लाल रांग त्यांच्याबरोबर झुकली. नावाड्यांचा म्होरक्या तोंडावर पडला. त्यानं दोर सोडला नाही, म्हणून मधल्या रेघेपलीकडे तो दगडांवरून घासत आला आणि हमालांनी जल्लोष करत त्याच्या पाठीवर पाय दिले.

"तो शेवटचा कोण?" निळ्यांतून कुणीतरी ओरडलं. "पट्टी नाही त्याला! भाड्याचा आणलाय!"

"ए भाडोत्री, कुठल्या गोठ्यातला रे तू?"

मेहुणे हसले. "पाहुणा आहे मी! तुमच्याच पुस्तकात लिहिलंय!" ते खरंच पुस्तिका काढायला खिशात हात घालत होते. पहिला ठोसा त्यांच्या तोंडावर बसला तेव्हाही त्यांना तो खेळाचाच भाग वाटला असावा. दुसरा बसल्यावर मात्र त्यांनी मारणाऱ्याचं नाक एका फटक्यात चेहऱ्यात आत घातलं.

मग काही राहिलं नाही. वल्ह्यांचे तुटके दांडे कुठून आले, कळलं नाही. एका हमालानं पोती उचलायचा आकडा एकाच्या गालात घातला आणि ओढला. एक म्हातारा नावाडी दुसऱ्याचा कान दातांत धरून बसला होता. मेहुण्यांच्या गुडघ्यावर दांडा बसला, सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि तो प्रचंड माणूस खाली बसला. त्यांच्या बाजूचे हमाल केव्हाच आपापल्या मारामारीत गुंतले होते. पाच-सहा निळे त्यांना लाथा घालत होते. बरगडीवर, पाठीवर, तोंडावर.

"फेका खाली! फेका त्याला!"

त्यांनी मेहुण्यांना काखेत धरून कठड्याकडे ओढलं. धाकटी एकाच्या पाठीवर चढून त्याचे डोळे ओरबाडत होती, किंचाळत होती, "दादा! दादा, अरे कर ना काहीतरी!"

माझ्या पायाशी, दोराचं टोक अडकवायला रोवलेली पहार उपटून पडली होती. ती मी उचलली. मी आयुष्यात कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही, शाळेतसुद्धा मार खाऊनच घरी आलो. गर्दीतून पुढे घुसलो तेव्हा दिसलं ते एवढंच : मेहुणे कठड्याच्या बुडाशी पालथे, आणि त्यांच्या अंगावर एक रुंद पाठीचा नावाडी पसरलेला, दोन्ही हात त्यांच्या गळ्याभोवती. मनगटाला निळी पट्टी.

मी त्याच्या कानामागे पहार घातली. एकदा. तो गळा सोडत नाही असं वाटलं म्हणून पुन्हा घातली. हाताला आधी टणक लागलं, मग मऊ. आणि मला, हे लिहायची लाज वाटते, बरं वाटलं.

"दादा," खालून मेहुण्यांचा आवाज आला. तोंडात रक्ताचा फेस होता. "दादा, नको. हा... हा मला वाचवत होता."

त्या माणसाचे हात मी नीट पाहिले. ते गळ्याभोवती नव्हते, डोक्याभोवती होते. बोटांवर लाथांचे वळ होते. आपल्याच माणसांच्या लाथा त्यानं अंगावर घेतल्या होत्या.

पोलीस आले तेव्हा जो तो पळाला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. हातातली पहार एका हवालदारानं हळूच काढून घेतली. "काका, बाजूला व्हा, लागेल तुम्हाला."

इस्पितळात मेहुण्यांच्या पाच बरगड्या मोडलेल्या निघाल्या, गुडघा गेला. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले, आणि धाकटी बाकावर बसून हमसून हमसून रडली. पलीकडच्या खोलीत तो नावाडी होता. त्याला शुद्ध नव्हती. आली तरी कितपत येईल ते सांगता येत नाही, असं परिचारिका दुसरीला सांगताना मी ऐकलं.

सहाच्या सुमाराला त्याची बायको आली. पाय चिखलानं भरलेले, धक्क्यावरून तशीच धावत आलेली. काचेतून तिनं आत पाहिलं. मग आमच्याकडे वळली.

"तुमच्याच माणसाला वाचवायला गेले होते ना ते?"

"हो," धाकटी म्हणाली. "देवासारखे धावून आले हो."

"मग मारलं कुणी? आमचेच लोक सांगतायत, आम्ही डोक्याला हात लावला नाही."

"गर्दीत कोण कुणाला..." धाकटी घाईनं बोलली आणि माझं मनगट घट्ट धरलं. तिनं सगळं पाहिलं होतं. तिच्या नखांत अजून कुणाची तरी कातडी होती.

"मी," मी म्हणालो.

बाईंना ऐकू गेलं नाही. माझा आवाजच तसा. त्या तोंड पुसत म्हणाल्या, "काय म्हणालात, बाबा?"

"काही नाही हो, दमलाय तो," धाकटी म्हणाली. "दादा, तू बस. पाणी पी."

तेवढं करणं मला फारच सोपं होतं. सगळे मला बसवायलाच तयार होते. मी मनगट सोडवून घेतलं आणि उभा राहिलो.

"तुमच्या नवऱ्याला मी मारलं. पहारीनं. दोनदा."

त्या माझ्या हातांकडे पाहत राहिल्या, काड्यांसारख्या, शाई लागलेल्या हातांकडे. मग शर्टाच्या रक्ताळलेल्या बाहीकडे. मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पुढे आल्या.

धाकटी मधे पडायला उठली. मी तिला हातानं थांबवलं, चष्मा काढला आणि खिशात ठेवला.